शकुनची सही

भातकुली
१९ फेब्रुवारी २०१०

सितारा,

शकुनचा सलाम. तीन दिवस फोन लावते आहे. कोणीतरी उचलतं, माझा आवाज ऐकतं आणि ठेवून देतं. म्हणून आज कागद घेतला. तुला मराठी वाचता येत नाही, हे पत्र तुझी सूनच वाचून दाखवणार, हे धरूनच लिहिते. रुबीना बेटी, सावकाश वाच. बोलताना मी मले-तुले करते, पण पेन हातात आलं की अंगणवाडीत भरायचे त्या रजिस्टरची भाषा येते. त्याला माझा इलाज नाही.

तनवीरला पोलिसांनी नेल्याचं मला पेपरातून कळलं. अकोल्यात मोबाइलच्या दुकानावर छापा, दोन कॉम्प्युटर जप्त, लोकगायिका शकुनबाई यांच्या तक्रारीवरून गुन्हा दाखल. माझ्या तक्रारीवरून! दोनदा वाचलं. तुझ्या अल्लाची आणि माझ्या देवाची शपथ घेऊन सांगते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

झालं ते असं. नागपूरच्या ज्या कंपनीनं माझ्या गाण्यांची सीडी काढली, तिचा माणूस विपुल दिवाळीनंतर घरी आला होता. म्हणाला, सीडी कोणी घेतच नाही. तनवीरच्या साईटवर तुमचं एकेक गाणं फुकट पडलंय, पुण्यातला माणूस पुण्यात उतरवून घेतो, सुरतेतला सुरतेत. आपण एक नोटीस पाठवू, तो साईट बंद करेल, विषय संपेल. त्यानं कागद पुढे केला, मी सही केली. नोटीस म्हणजे टपालानं जाणारं पत्र, एवढंच मी समजले. पोलिसांचं कोणी बोललंच नाही.

तुझा तनवीर मला खाला म्हणतो, मावशी मानतो. पाचवीत होता तेव्हापासून टेप घेऊन माझ्या कार्यक्रमाला पहिल्या ओळीत बसायचा. स्वतःच्या निकाहाच्या आठवड्यातही दर्यापूरला आला होता, तुला आठवत असेल, रुबीना किती रुसली होती. माझा गळा बसतोय हे माझ्याआधी त्याला कळायचं. अशा मुलाला मी चोर म्हणेन का?

दोन दिवस कोठडीत होता म्हणे. मारलं तर नाही ना? नबीभाईंचं गादीचं दुकान उघडं आहे ना? गल्लीतले लोक काय म्हणतात?

एक ओळ तरी पाठव. रुबीनाकडून लिहून घे.

तुझी
शकुन


भातकुली
२ मे २०१०

सितारा,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मनाला सांगून पाहिलं. पोस्टमन म्हणतो, अकोल्याचं टपाल हरवत नाही.

वरूडला जाऊन आले. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाच्या लग्नात कार्यक्रम होता. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. मी चढले, नत्थुजींनी पेटीवर सूर धरला, आणि समोरून कोणी ओरडलंही नाही, शिट्टीही मारली नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग एक पोरगा उठला आणि साईटवरून उतरवलेली माझी सीडी आणून ट्रॉलीच्या काठावर ठेवून गेला. त्याच्यामागून दुसरा. मग बाप्ये उठले. एकेक करत आले, सीडी ठेवली, गेले. एकानं कव्हरवर पेनानं लिहिलं होतं, ‘बाई, आमी चोर काय?’ मी चार गाणी म्हटली. पाचव्याला समोर यजमानाच्या घरचे लोक तेवढे उरले होते.

परत येताना नत्थुजी म्हणाले, “शकुनबाई, साईटवर पोट्ट्यायनं काय लिहिलं ते वाचलं काय?”

मी नाही म्हटलं. त्यांच्या नातवानं वाचून दाखवलं होतं. वावरं विकून पुण्याला वॉचमन झालेली, सुरतेला कापडाच्या मागावर बसलेली, आपल्याच तालुक्यातली माणसं. एकानं लिहिलंय, ‘माय गेली तेव्हा घरी पोचलो नाही, बाईचं गाणं लावून खोलीत रडलो. आता बाईच म्हणते पोलिसात देईन.’ असं लिहिणारे आधी शंभरांनी होते, मग शिव्या देणारे आले, आणि आता कोणीच लिहीत नाही म्हणे.

सितारा, मला त्यांचं वाईट वाटलं. पण रागही आला. तूच सांग, माझी चूक काय? सगळा वऱ्हाड मला फुकट ऐकतो आणि मी पन्नाशी ओलांडून अजून टिनाच्या छपराखाली राहते. गळा काय जन्मभर पुरणार आहे? सुतार खुर्ची करतो ती कोणी उचलून नेत नाही. मग माझं गाणं का न्यावं?

हे वाक्य लिहिलं आणि थांबले. ‘माझं गाणं.’ खोडणार होते. राहू दे.

तनवीरला म्हणावं, कोर्टात एकदा माफी लिहून दे, कंपनी तक्रार मागे घेईल. विपुलनं मला तसा शब्द दिला आहे.

शकुन


भातकुली
२७ सप्टेंबर २०१०

सितारा,

तनवीरनं माफी लिहून दिली नाही, हे विपुलकडून कळलं. त्यानं म्हणे वकिलाला सांगितलं, ‘खालाचं गाणं लोकायपर्यंत पोचवलं, ह्यात माफी कायची?’ म्हणजे अजून तो मला खाला म्हणतो. ते ऐकून मी दिवसभर चुलीशी गेले नाही.

गावात भुलाबाई बसल्या आहेत. काल संध्याकाळी दिवेलागणीला सुंदराबाईच्या अंगणात पोरी गाणी म्हणत होत्या. मी दरवर्षी जाते, खिरापत नेते. फाटकाशी पोचले तोच सुंदराबाईचा आवाज आला, “गप राहा वं पोट्टीहो, शकुनबाई येऊन राहिली.”

पोरी गप झाल्या. मी म्हटलं, “काहून थांबल्या? म्हणा नं.”

सुंदराबाई हसली नाही की भांडली नाही. पाट पुढे सरकवून म्हणाली, “बसा जी. पोरीच हायेत, त्याईले काय समजते. कोनतं गानं कोनाच्या नावावर हाय, आमाले का मालूम? उद्या पोलीस दारात नको.”

मी खिरापत वाटली. पोरींनी हात पुढे करून घेतली आणि चिडीचूप खाल्ली. बारा-तेरा पोरी आणि चावण्याचा आवाज. मी घरी निघाले. वळणावर पोचले तरी मागून गाणं सुरू झालं नाही. त्या माझ्या घराचं दार लागायची वाट पाहत होत्या.

नत्थुजींनी पेटी सोडली. म्हणाले, “बोटं जात नाईत आता.” त्यांची बोटं चांगली चालतात. देवळात रोज भजनाला बसतात.

फेब्रुवारीतल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. रुबीना बेटी, हे तू आधी मनात वाच, मग सासूला सांगायचं की नाही ते ठरव. छाप्याच्या दिवशी मी अकोल्यात होते. कंपनीच्या जीपमध्ये, मागच्या सीटवर. पोलिसांना दुकान नेमकं कोणतं ते कळेना, त्या ओळीत मोबाइलची सहा दुकानं आहेत. विपुल म्हणाला, बाई, तुम्ही दाखवा. मी काचेतून बोट केलं. तनवीर बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होता. त्यानं जीपकडे पाहिलं, पण काच काळी होती. तेव्हापासून मी देवाची शपथ घेत नाही, घेतलेली खोटी होती म्हणून.

का केलं असं विचारशील तर सांगते. नागपूरला कंपनीच्या मोठ्या साहेबानं मला खुर्ची दिली होती, ‘कलावंत’ म्हटलं होतं. आपल्याला आजवर ‘गाणारी बाई’ याच्यापलीकडे कोणी काही म्हटलं नाही. मी त्या एका शब्दापायी गेले.

शकुन


भातकुली
११ मार्च २०११

सितारा,

रुबीना, घरात तनवीर असेल तर इथून पुढे मोठ्यानं वाचू नको. सासूच्या कानाशी वाच.

परवा विपुल कोर्टाचे कागद घेऊन आला. तनवीरच्या वकिलानं प्रश्न काढलाय की ही गाणी लोकगीतं आहेत, जात्यावरची, वावरातली. ती कोणा एकाची कशी? त्याला उत्तर म्हणून कंपनीनं माझं प्रतिज्ञापत्र आधीच दाखल केलंय. विपुलनं त्याची नक्कल मला वाचून दाखवली. ‘सदर चौदा गीते मी स्वतः रचली असून अन्य कोणाचाही त्यांत सहभाग नाही.’ खाली माझी सही. ती मी गेल्या वर्षी केली होती, न वाचता नाही, वाचून केली होती. हेही आज लिहूनच टाकते.

चौदातली नऊ तुझी आहेत.

हे तुला, मला आणि त्या वावराला ठाऊक आहे. चंद्रभान पाटलाच्या पाणी साचणाऱ्या वावरात आपण दोघी एकाच ओळीत कापूस वेचायला लागायचो. तू लग्नाआधीची, मी नुकतीच नांदायला आलेली. दुपारी भाकर सोडली की तू गुणगुणायचीस, आणि संध्याकाळी ओटी रिकामी करेपर्यंत गाणं पुरं झालेलं असायचं.

कापसाच्या बोंडा, तुले फुटलं हासू गं
माह्या लेकीच्या डोयात काहून आसू गं

हे तू केलंस तेव्हा तुला लेक नव्हती, लग्नही नव्हतं. मी विचारलं होतं, “कोनाची लेक वं?” तू म्हणालीस, “कोनाची बी. असंन कोनाची तरी.” मी म्हटलं, तू स्टेजवर ये. तर म्हणालीस, “मले मानसं पाहून गाता येत नाई, कापसाच्या पऱ्हाट्या पाहून येते. तू गाय.” एवढंच आपलं बोलणं. मी गायले. तीस वर्षं गायले आणि एकदाही माइकवर तुझं नाव घेतलं नाही. तू नबीभाईंच्या घरी अकोल्याला गेलीस, कार्यक्रमाला यायचीस, बायकांत मागे बसायचीस आणि निघताना म्हणायचीस, “बरं झालं.” मला कधी कधी वाटायचं, आज ही काहीतरी बोलेल. तू बोलली नाहीस. तनवीरलाही सांगितलं नाहीस. वीस वर्षं तो स्वतःच्या आईची गाणी माझी म्हणून भरून घेत राहिला, आणि आता त्यांच्याचसाठी आरोपी म्हणून उभा राहतोय.

वर्षभर मी एका भीतीत होते की तू कोर्टात येऊन खरं सांगशील. आता दुसरीच भीती आहे, की तू सांगणारच नाहीस.

मी काय करू? तू सांगशील ते करेन. पण सांग. ही चुप्पी सहन होत नाही.

शकुन


भातकुली
८ ऑगस्ट २०११

सितारा,

दीड वर्षात तुमच्या घरून पहिल्यांदा टपाल आलं. पोस्टकार्ड, अक्षर रुबीनाचं. ‘अम्मीने पूर्ण ऐकलं. काही बोलल्या नाहीत. तनवीरच्या हाती पत्र लागलं, त्यांनीही वाचलं. साईट त्यांनी त्याच दिवशी बंद केली. आता पत्र पाठवू नका.’

तरी पाठवते आहे. हे शेवटचं समज.

साईट बंद झाल्याचं विपुललाही कळलं. पेढे घेऊन आला. मी त्याला म्हटलं, “साहेब, चौदा सप्टेंबरची माझी साक्ष हाय नं? मी खरं सांगणार हावो. नऊ गाणे माहे नाईत.”

त्यानं पेढ्यांचा डबा शांतपणे मिटला. आवाज चढवला नाही. चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, “बाई, प्रतिज्ञापत्र खोटं आहे असं तुम्ही स्वतः कोर्टात म्हणालात, तर आरोपी तनवीर राहणार नाही. तुम्ही व्हाल. खोट्या शपथेला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कंपनी तुमच्याविरुद्ध जाईल, ते वेगळं.” मग उठताना अगदी मायेनं बोलला. “तुमचं वय पाहता मला काळजी वाटते. उन्हातान्हात अकोल्याला कशाला येता? जीप पाठवू का?”

तेव्हापासून घरासमोर रोज एक मोटारसायकल थांबते. माणूस उतरत नाही. पाच-दहा मिनिटं थांबतो, घराकडे पाहतो, जातो. सुंदराबाई म्हणते, कोणी मीटर पाहणारा असेल. असेलही.

पण माझं ठरलं आहे. मी एसटीनं येईन. पिंजऱ्यात उभी राहीन आणि तुझं नाव घेईन, जे तीस वर्षांत घेतलं नाही. तनवीरला एवढंच सांग, की चौदा तारखेपर्यंत धीर धर.

शकुन


भातकुली
१५ सप्टेंबर २०११

सितारा,

काल तू कोर्टाच्या व्हरांड्यात मला पाहिलंस. मी जवळ आले तेव्हा तू बाकावर सरकलीस. मला बसायला जागा केलीस, की माझा पदर लागू नये म्हणून सरकलीस, ते अजून कळलेलं नाही. मी उभीच राहिले.

आत काय घडलं ते तुला ठाऊक आहे, तरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते. तनवीरचं नाव पुकारलं. जज्जसाहेबांनी काहीतरी विचारलं, आणि त्यानं वकिलाकडे न पाहता म्हटलं, “गुन्हा कबूल आहे.” वकीलच दचकला. साहेबांनी पुन्हा विचारलं, समजून बोलता ना? “समजून बोलतो. गाणे माहे नव्हते. परवानगी नव्हती. कबूल.” पुढे सगळं झरझर झालं. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा. जप्त केलेल्या मशीन आणि त्यातलं सगळं रेकॉर्डिंग तक्रारदार कंपनीच्या ताब्यात. वीस वर्षं, सितारा. खोलापूरची, दर्यापूरची, अंजनगावची, ज्या रात्री मी तापात गायले ती. सगळी विपुलच्या डिकीत गेली.

माझं नाव पुकारलंच नाही. मी दारातल्या शिपायाला म्हटलं, “मले बोलायचं हाय. मी साक्षीदार हावो.” तो चांगला माणूस होता. म्हणाला, “मावशी, केस संपली. कबुली आली की साक्ष लागत नाई.” मी म्हटलं, “पण ते खोटं हाय.” तो म्हणाला, “ते अर्ज करून सांगा लागते.”

साहेब जेवायला उठले तेव्हा तनवीर कोर्टात एकटा बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. त्यानं मान वर केली आणि मला मॅडम म्हटलं.

“मॅडम, तुमी काहून आल्या?”

“तुह्या मायचं नाव घ्यायले आली होती. तू काहून कबूल केलं रे?”

त्यानं पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुमी सांगतलं असतं, तं कंपनीच्या वकिलानं अम्मीले बोलावलं असतं. इचारलं असतं, हे गाणं तुह्यं कायवरून? कागद दाखव. कॅसेट दाखव. अम्मीपाशी काय हाय? ना सही, ना आवाज. भऱ्या कोर्टात तिले खोटी ठरवली असती. त्याच्यापक्षा मी चोर बरा.”

तोच पुढे म्हणाला, “एक सांगू? पत्र वाचलं, त्या दिवशी तुमचं गाणं लावून पाहलं. वीस वर्सं लावलं तसंच. मले तुमचा आवाज आयकूच येत नव्हता. निस्ती जीप दिसे.”

म्हणजे रुबीनानं जीपचंही सांगितलं होतं. बरं केलं.

शकुन


भातकुली
२० नोव्हेंबर २०११

सितारा,

तू म्हणशील, शेवटचं म्हणून म्हणून ही किती पत्रं लिहिते. पण जे झालं ते तुला दुसऱ्याकडून कळू नये.

निकालाची नक्कल हातात पडली आणि विपुलनं ती गावोगाव फिरवली. ‘आरोपीने स्वतः कबूल केले आहे’ या एका ओळीवर नोटिसा निघाल्या. वरूडच्या देवीदासला मेमरी कार्डात गाणी भरताना पकडलं. त्याच्या दुकानात माझी तीनच गाणी सापडली, तिन्ही तुझी. त्याची बायको माझ्याकडे आली होती. ती ओट्यावर बसून राहिली आणि एसटीची वेळ झाली तशी उठून गेली. त्या दिवशी मी देवीदासच्या वकिलाकडे गेले आणि लिहून दिलं. नऊ गाणी कोणती, कोणी केली, कोणत्या वावरात, आणि माझं प्रतिज्ञापत्र खोटं कसं. सही केली. तुझी साक्ष कुठेही मागितलेली नाही, तुला कोणी बोलावणार नाही, तसं वकिलाकडून कबूल करून घेतलं आहे. आठ दिवसांत कंपनीची नोटीस आली. चौदापैकी एकही गाणं मी कोणत्याही मंचावर गाऊ नये, हक्क कंपनीचे आहेत. खोट्या शपथेचा अर्जही झालाय. तारीख जानेवारीत आहे, अकोल्यालाच.

तरी मी कौंडण्यपूरच्या जत्रेला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. भजनी मंडळाच्या पायाशी बसले आणि दोन भजनांच्या मधे माइक मागितला. लोकांनी ओळखलं. कुजबुज झाली, पण माइक दिला.

मी सांगितलं. जीपपासून सगळं. म्हटलं, “ज्या गाण्यायसाठी पोट्टे जेलात गेले, ते गाणे माहे नाईत. सितारा नावाची बाई हाय, अकोल्याची, माही मैत्रीण. तिनं कापूस वेचता वेचता केले. तिचा पोरगा तनवीर चोर नाई. चोर मी हावो.” आणि बोंडाचं गाणं म्हटलं, पेटीशिवाय, ढोलकीशिवाय. गळा दोनदा फाटला. म्हणून झाल्यावर म्हटलं, “मोबाइल काढा. भरून घ्या. मी परत म्हणतो. घरोघरी वाजवा, काही होत नाही, नाव तेवढं सिताराचं सांगा.”

हजारेक माणूस होतं. एकही मोबाइल वर आला नाही. पहिल्या ओळीतल्या एका पोरानं हातातला होता तोही खिशात घातला आणि वर हात ठेवला, मी हिसकावून घेईन अशी भीती वाटल्यासारखा. गर्दीच्या कडेला दोन पोलीस बंदोबस्ताला होते. लोक एकदा त्यांच्याकडे पाहत, एकदा माझ्याकडे. मग मागून उठायला सुरुवात झाली. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी खाली उतरले. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर एक म्हातारी बाई माझी वाट पाहत होती, सोबत तीन-चार जणी. हातांवरून वेचणीला जाणाऱ्या दिसत होत्या. म्हातारी म्हणाली, “बाई, गाणं कोनाचं म्हनलं?”

“सिताराचं.”

“आमी म्हनतो ते वावरात. माही सासू म्हने. नवी सून म्हनते.” तिनं मागे वळून पोलिसांकडे पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं.

“पहिले तुमची परवानगी लागे म्हने. मंग कंपनीची. आता सिताराबाईची लागंन काय? सोमवारी वेचनी हाय. कोनाले इचाराचं तेवढं सांगून द्या.”

मी काय सांगायला पाहिजे होतं, सितारा? त्या बायका थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग आपापल्या पिशव्या उचलून, एकमेकींशी न बोलता, एसटीच्या दिशेनं गेल्या.

शकुन